तापल्या लोखंडाची टिटवी

क्रांतीला ते गाणं सुचलं फौंड्रीच्या आवारात, टायरींच्या रिंगणापाशी.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लोखंड वितळवून पंपांच्या बॉडी ओतणारी एक मध्यम फौंड्री आहे. तिथल्या कोअर शॉपमध्ये क्रांती कामाला. पंपाच्या पोटात जी पोकळी ठेवायची असते, तिच्या आकाराचा वाळूचा ठोकळा आधी करावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. तो करायचा, घासायचा, रंगवायचा आणि न मोडता साचा करणाऱ्या मोल्डरच्या हातात द्यायचा. सकाळी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून कंपनीच्या बसनं जायचं, संध्याकाळी केसांत वाळू घेऊन परत यायचं. लग्नाच्या आधीपासून तिचं हेच चाललेलं. नवरा जोतीराम दुधाचा टेम्पो चालवतो. तो घरी येऊन आडवा व्हायचा, तेव्हा ही भाकऱ्या थापता थापता काहीतरी गुणगुणत असायची. आवाज चांगला होता. माहेरी भजनाच्या मंडळात ती पुढं बसून म्हणायची. पण दुसऱ्यांची गाणी म्हणण्यात तिचा जीव फार काळ रमला नाही. बसच्या खिडकीशी बसून ती स्वतःचेच शब्द जुळवायला लागली.

त्या उन्हाळ्यात फौंड्रीच्या मागच्या अंगाला, ट्रक वळतात त्या खडीच्या पट्ट्यावर, एका टिटवीनं अंडी घातली. घरटं नाही, काडी नाही, उघड्या खडीत नुसती अंडी. ट्रक आला की ती बाई ओरडत चाकासमोर पंख पसरून उभी राहायची. ड्रायव्हर शिव्या घालायचे आणि गाडी थांबवायचे. शेवटी शॉपचे मॅनेजर अमरसिंह साहेब यांनी तिच्याभोवती जुन्या टायरी ठेवायला लावल्या आणि ट्रकांना दुसऱ्या बाजूनं वळायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत क्रांती लांब उभी राहून तिच्याकडं बघत असायची. डोक्यावर कागलचं ऊन, खाली तापलेली खडी, आणि ही पाखराची जात ढळतच नव्हती. टिटवी रात्री पाय वर करून झोपते, आभाळ पडलंच तर पायांवर धरता यावं म्हणून, असं क्रांतीच्या आईनं, बयाबाईनं, तिला लहानपणी सांगितलं होतं. ते तिला तिथं आठवलं आणि ओळी आल्या:

खडीत माझं घर गं, छप्पर माझं वारं,
आभाळ पडलं खाली तर पायांवर घेईन सारं.

जोतीरामनं ते ऐकलं आणि जेवता जेवता हात थांबवला. "ह्ये कुणाचं गं?"

"माझंच हाय."

"परत म्हण."

तिनं परत म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो तिला पेठेतल्याच कृष्णातकडं घेऊन गेला. कृष्णात त्याचा तालमीतला दोस्त. लग्नसराईत साउंड सिस्टिम भाड्यानं द्यायची आणि एरवी घराच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या बांधून, पोरांची गाणी रेकॉर्ड करायची, हा त्याचा धंदा. त्यानं गाण्याला हलगी दिली, पण काठ्या बाजूला ठेवून, नुसत्या बोटांनी. टिटवी खडीवरनं तुरुतुरु पळते ना, तसा आवाज आला. पुरं झालेलं गाणं तिघांनी त्या खोलीत बसून परत परत ऐकलं.

मग कृष्णात म्हणाला, "वैनी, आता फोटो द्या."

"माझा?"

"तुमचा कशाला? गाण्याचा. नेटवर टाकायचं तर चौकोनी चित्र लागतंय. त्याबिगर ते गाणं घेतच न्हाईत. आणि चित्र आसं पायजे, की फोनवर बोटाएवढं दिसलं तरी माणसानं थांबलं पायजे. लोक आधी बघत्यात, मग ऐकत्यात."

हे ऐकून क्रांतीला हसू आलं. गाणं करायला एवढा जीव लागला, आणि ते अडलं कशावर, तर चित्रावर! पण ते खरोखरच अडलं.

गावातल्या एका डिझायनरनं जो आकडा सांगितला, तो ऐकून जोतीरामनं चहासुद्धा न पिता नमस्कार केला. त्या माणसाचं चुकत नव्हतं. त्याचंही पोट होतं. कृष्णातनं फुकट फोटो मिळतात अशा साइटवर शोधलं. पाखरं सुंदर होती, पण डोक्यावर लांब तुरा. ती परदेशातली टिटवी. आपल्याकडची तिला ओळखणारही नाही. मग त्यानं कॉम्प्युटरला सांगून चित्र काढून घेतलं. क्षणात चार चित्रं आली. निळी, झगझगीत, मागं नारळाची झाडं. एकीला तीन पाय होते.

"लोकांला काय कळतंय, वैनी? भारी दिसतंय की."

"दिसतंय," क्रांती म्हणाली, "पर ही टिटवी न्हवं. हिला कुणी ट्रकम्होरं हुभं राहा म्हटलं तर राहील काय?"

तिनं स्वतः आवारात काढलेला फोटोही होता. त्यात खडी होती, टायरी होत्या, पाखरू मात्र कुठं दिसतच नव्हतं. दिसू नये म्हणूनच देवानं तिला तो रंग दिलेला. त्याला फोन तरी काय करणार?

असे आठवडे गेले. गाणं कृष्णातच्या कॉम्प्युटरमध्ये पडून राहिलं. खडीतली पिल्लं अंड्यांतून निघाली, आईमागं पळाली आणि एका सकाळी टायरींच्या रिंगणात कुणीच उरलं नाही.

फौंड्रीत भरमाप्पा नावाचे मोल्डर होते. निपाणीकडच्या सीमेवरच्या खेड्यातले, घरी कन्नड बोलणारे, निवृत्तीला आलेले. वाळूची पेटी भरणं, पंपाच्या आकाराचा पॅटर्न ठोकून बसवणं, तो उचलून साचा मोकळा करणं, हे त्यांचं काम; आणि त्या कामात कुणी मध्ये आलं तर तोंडानं सोलून काढणं, ही त्यांची ख्याती. कोअर शॉपच्या बाया त्यांच्या हातात कोअर द्यायच्या आणि काही बोलायच्या आत मागं फिरायच्या. क्रांतीही त्यातलीच.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती विसरलेला डबा घ्यायला मोल्डिंगच्या बाजूनं गेली. पंखे बंद, माणसं बाहेर लिंबाखाली. भरमाप्पा एकटेच उकिडवे बसले होते. समोर वाळू सपाट केलेली, हातात छोटी करणी. क्रांती थांबली. वाळूत एक म्हैस पाण्यात बसलेली होती. पाणी म्हणजे नुसत्या चार रेघा, पण म्हशीच्या अंगाचा जडपणा, अर्धे मिटलेले डोळे, कानावरची माशी हाकलण्यासाठी अर्धवट वळलेली मान... क्रांतीला वाटलं, आता ही कान हलवणार. आपण बघितलं हे त्यांना कळू नये म्हणून ती मागं सरकली, तेवढ्यात चप्पल घासली.

भरमाप्पांनी मान वर केली आणि तळव्यानं म्हैस पुसून टाकली.

"अवं अण्णा! पुसली कशाला?"

"मग काय करू? त्या वाळूत आता पंप भरायचा हाय."

"रोज काढता?"

"सुट्टी असती तवा."

"आणि रोज पुसता?"

म्हातारा तिच्याकडं असं बघत राहिला, की हा काय प्रश्न झाला? जेवल्यावर माणूस हात धुतो, तसं ते होतं त्यांच्या लेखी.

क्रांतीनं तिथंच उभं राहून सगळं सांगितलं. गाणं, चौकोनी चित्र, तीन पायांची टिटवी. मग म्हणाली, "मला एक टिटवी काढून द्या की. मला जमतंय तेवढं पैसं मी दीन."

"कागदावर मला येत न्हाय," भरमाप्पा म्हणाले. "हातात पेन्सिल धरली की हात मुका हुतोय. वाळूत हुईल."

त्यांनी काढली. तिनं वरून फोटो घेतला. काळ्या वाळूत काळीच रेघ. फोनमध्ये नुसता अंधार. दिवा धरून बघितलं, उन्हाची वेळ धरून बघितली. डोळ्याला दिसणारं पाखरू फोनला काही केल्या सापडेना. क्रांतीचा चेहरा पडला. भरमाप्पांनी फोन हातात घेऊन तो अंधार नीट न्याहाळला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "ह्यो साचा हाय. साचा कुणी बघत असतंय व्हय? लोखंडाचा रस वतल्याबिगर काय दिसायचं न्हाय."

"म्हंजे?"

"शनिवारी भट्टी बंद करताना खाली थोडा रस उरतोय. त्यो असाच वाळूत वतून लगडी करत्यात, आणि सोमवारी परत भट्टीत. लगडीच्या जागी टिटवी केली तर कुणाचं काय जातंय?"

दोघं अमरसिंह साहेबांकडं गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. वितळलेलं लोखंड म्हणजे खेळ नव्हे. वाळूत ओल राहिली तर रस उसळून अंगावर येतो. पण टायरी ठेवायला लावणारा माणूस तो. टेबलावर बोटं वाजवत त्यांनी विचार केला. "साचा गॅसच्या बर्नरनं पुरता वाळवायचा. मी सवता हात लावून बघणार. साच्याच्या रिंगणात फकस्त वतणारी माणसं. फोटो वर क्रेनच्या जिन्यावरनं. आणि सोमवारी ते लोखंड भट्टीत गेलं पायजे. कबूल?"

"कबूल," दोघं एकदम म्हणाले.

बाहेर आल्यावर क्रांतीनं विचारलं, "अण्णा, तुमास्नी काय द्यायचं ते सांगा."

"गाणं कुठं ऐकवलंस अजून?" म्हातारा खेकसला. "न ऐकता काय काढू? कोंबडी काढू?"

दुसऱ्या दिवशी सुट्टीत, कोअर शॉपची मशिनं बंद झाल्यावर, क्रांती उभी राहिली. बाया जमल्या, मोल्डर दाराशी आले. पहिल्या ओळीला आवाज कापला. मग ती डोळे मिटून म्हणायला लागली आणि त्या पत्र्याच्या उंच शेडमध्ये तिचा आवाज वरपर्यंत जाऊन परत खाली उतरू लागला. संपलं तेव्हा भरमाप्पा मान खाली घालून उभे होते.

"हे पाय वर करून झोपायचं," ते हळूच म्हणाले, "आमची आई बी सांगायची. कन्नडमध्ये. मला वाटायचं, ते आमच्याच घरात ठावं हाय."

मग ते वळून मोल्डिंगकडं निघून गेले.

शनिवारी त्यांनी सकाळपासून साचा धरला. क्रांती कोअर द्यायला गेली तेव्हा बघते तर पाखरू उभं नव्हतंच. टिटवी पाठीवर झोपलेली होती, पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, दोन्ही पाय सरळ वर. आणि पायांच्या वर, या काठापासून त्या काठापर्यंत, एक रुंद वाकलेली पन्हळ. ते आभाळ होतं. पिसांपिसांमध्ये वाळूच्या पातळ भिंती राखलेल्या.

"अण्णा, टिटवीचं पाय एवढं जाड नसत्यात."

"तिला आभाळ धरायचं हाय," भरमाप्पा म्हणाले. "बारीक पाय कसं पुरतील?"

अमरसिंह साहेबांना मात्र ते पाय बारीकच वाटत होते. रस पोटात ओतणार. तिथून पायांतून चढत आभाळापर्यंत जायचा. एवढ्या अरुंद वाटेत लोखंड गारठून मध्येच अडेल, असं त्यांचं म्हणणं. "आभाळ वेगळं वतू या की, दुसऱ्या बाजूनं."

"न्हाय सायेब. आभाळ पायांतनंच आलं पायजे."

शिफ्ट संपायला आली. माणसं घरी जायची, पण कुणी गेलं नाही. बाया भिंतीशी उभ्या राहिल्या. जोतीराम टेम्पो गेटबाहेर लावून आला होता. साहेबांनी त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवून त्याला जिन्यावर क्रांतीच्या मागं उभं केलं. साचा वाळवून झाला, साहेबांनी हात लावून बघितला, मान हलवली. भट्टी कलली. रस ओतायचं लांब दांड्याचं भांडं, लेडल, भरून आलं, आणि शेडमधल्या सगळ्या चेहऱ्यांवर एकदम पिवळा उजेड पडला.

ओतणाऱ्या दोघांनी लेडल वाकवलं. भरमाप्पा शेजारी उभे राहून हातानं खुणावत होते: सावकाश, सावकाश, आता सोडा.

रस पोटात पडला. क्रांती वर्षानुवर्षं फौंड्रीत होती, पण कोअर शॉप आडबाजूला. वरून, असं सरळ, तिनं ते कधी बघितलंच नव्हतं. पांढरा उजेड काळ्या वाळूत पसरत गेला आणि जिथं जिथं गेला तिथं तिथं पाखरू होत गेलं. आधी छाती. मग पंख, एकेक पीस पेटत, टोकापर्यंत. ती एवढी देखणी होती, की क्रांतीच्या हातातला फोन खाली आला. मग रस पायांत शिरला. अर्ध्यात गेला आणि अडखळला. पुढच्या टोकाला लाली चढायला लागली.

"अडलं," खालून कुणीतरी म्हणालं.

"वता!" भरमाप्पा ओरडले. "थांबू नगासा, वता!"

पोटात आणखी रस पडला. पायांतली लाली परत पांढरी झाली, उजेड वर सरकला, बोटांपर्यंत आला, आणि मग दोन्ही पायांतून एकाच वेळी आभाळात फुटला. या टोकाला धावला, त्या टोकाला धावला. काळ्या वाळूवर पाठ टेकून एक पाखरू, आणि त्याच्या पायांवर पेटलेलं आभाळ.

शेडमध्ये भट्टी घरघरत होती. एका बाईनं हात जोडले. रोज लोखंड ओतणारी माणसं ती, पण लेडल धरलेले दोघंही काचेच्या मुखवट्याआडून नुसते बघत राहिले.

"फोटो!" जोतीरामनं मागून ढोसलं. "अगं फोटो!"

क्रांतीनं फोन उचलला. पहिले सगळे फोटो जळून गेले; नुसता पांढरा डाग. फोनला तो उजेड झेपतच नव्हता. ती रडकुंडीला आली. मग लोखंड निवायला लागलं. आधी आभाळाची टोकं तांबडी झाली, मग पंखांच्या कडा, पायांची बोटं. छाती मात्र अजून पिवळीधमक. फोनमध्ये पाखरू हळूहळू आकाराला आलं. पिसांमधल्या काळ्या रेघा दिसल्या. ती दाबत राहिली, दाबत राहिली, उजेड राखाडी होईपर्यंत.

खाली उतरून तिनं भरमाप्पांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "लहान करून दाव," म्हणाले. तिनं बोटाएवढं केलं. तेवढ्यातही ती पेटलेली होती.

"आयला," म्हातारा म्हणाला. "ही टिकली की." आणि त्यांना स्वतःलाच त्याचं एवढं नवल वाटलं, की ते जवळच्या पेटीवर खालीच बसले.

सोमवारी, शब्द दिल्याप्रमाणे, ते लोखंड भट्टीत गेलं. टिटवी बघितल्यावर साहेबच म्हणाले होते, भंगाराच्या भावानं घेऊन घरी न्या. भरमाप्पांनीच नको म्हटलं. क्रांती बघायला गेली नाही.

गाणं नेटवर आलं. खाली लिहिलं होतं: चित्र, भरमाप्पा, मोल्डर, कागल. गाणं काही देशभर गाजलं वगैरे नाही. पण कोल्हापुरात, निपाणीत, इचलकरंजीत ते या फोनवरून त्या फोनवर गेलं, आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्मे विचारायचे, की हे पाखरू कुणी पेटवलं? गाणी करणारी आणखी माणसं निघाली. तीही चित्रापाशी येऊन अडलेली. कृष्णात त्यांना कागलला पाठवायचा. साहेबांनी महिन्यातून एक शनिवार दिला. भरमाप्पांची अट एकच, ज्याचं गाणं त्यानं आधी फौंड्रीत येऊन म्हणून दाखवायचं. यंत्रमागावर काम करणारा एक गायक घाबरून गेटवरूनच परत गेला आणि पुढच्या महिन्यात परत आला. गडहिंग्लजच्या रक्षितानं मराठीत सुरू करून मध्येच कन्नडमध्ये उडी घेतली, तेव्हा भरमाप्पांनी पहिल्यांदा सगळ्यांसमोर मान डोलावली.

ते निवृत्त झाले त्या शनिवारी साहेबांनी त्यांच्या बायकोलाही बोलावून घेतलं. अक्काताई त्यांचं नाव. नवऱ्याला भल्या पहाटे डबा बांधून देणं आणि संध्याकाळी काळवंडलेल्या सदऱ्यांतली वाळू झटकणं, एवढीच त्यांना फौंड्री ठाऊक. क्रांतीनं त्यांचा हात धरून जिन्यावर नेलं आणि हेल्मेट पदरावरून नीट बसवलं.

त्या दिवशी साच्यात काय होतं हे भरमाप्पांनी कुणाला दाखवलं नव्हतं. रस पडला आणि वेल निघाला. साधा, दारात रांगोळीनं काढतात तसा, वळत वळत जाणारा, पानापानाला उजेड फुटणारा. अक्काताईंनी कठडा घट्ट धरला. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर तो पिवळा उजेड थरथरत होता. क्रांतीला वाटलं त्या वेलाबद्दल काही बोलतील. पण त्यांची नजर वेलावर नव्हतीच. त्या बघत होत्या लेडलशेजारी हात उंचावून उभ्या असलेल्या, अंगभर उजळून निघालेल्या माणसाकडं.

तो जिना चढून वर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढ्या उजेडात काम करत हुतासा व्हय? कधी सांगितलं न्हाईसा."